वाट कोणी पाहायची?

दोस्तहो, सबुरी हा सद्गुण आहे असे आपल्याला लहानपणापासून सांगत आले. शाळेत मास्तरांनी सांगितले, घरी म्हाताऱ्यांनी सांगितले, कचेरीत चपराशाने सांगितले. थांब. नंतर ये. साहेब जेवायला गेले. मला एक साधा प्रश्न टाकायचा आहे. सद्गुण असेल तर तो सगळ्यांना सारखा लागू पाहिजे. मग थांबायची पाळी नेहमी एकाच बाजूवर का येते?

मी नागपुरात इंदोऱ्याला राहतो. बारावीचा निकाल लागला की संध्याकाळी विहारात पोरापोरींचे प्रवेशाचे फॉर्म भरून देतो. पूर्वी कॉलेजच्या फळ्यावर लिस्ट लागायची, गर्दीत मान खुपसून नाव शोधावे लागायचे. आता लिस्ट मोबाइलवर येते. फळा गेला, धाकधूक गेली नाही. पहिला राउंड, दुसरा राउंड, तिसरा राउंड. "नंबर लागला का बे?" हा प्रश्न नळावर, पानठेल्यावर, विहाराच्या पायरीवर, सगळीकडे. परवा एक पोरगी म्हणाली, "भाऊ, पोटात गोळा येऊन राहिला. जेवण जात नाही. मी कमजोर आहे का?"

तिला काय सांगायचे? आपल्यातलेच काहीजण सोपे उत्तर देतात. दुःखाचे कारण तृष्णा. ॲडमिशनची तृष्णा सोड, मन शांत होईल. मला हे पटत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीवरच बोट ठेवले आहे. जगणे दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म तोही दुःख, असे सांगितले तर माणसाला आशा कुठली उरली, हा त्यांचा सवाल होता. शिक्षणाची इच्छा ही तृष्णा नव्हे. जिच्या आजीला शाळेची पायरी चढता आली नाही तिच्या नातीने डॉक्टरीचा फॉर्म भरणे ही हाव असेल, तर मग सगळी चळवळच हाव आहे.

पैसेवाल्याच्या पोरालाही भीती वाटते. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण त्याचा नंबर लागला नाही तर बाप पैसे मोजून दुसऱ्या कॉलेजात घालतो, नाहीतर वर्षभर कोट्याला पाठवतो. त्याच्यासाठी लिस्ट म्हणजे अनेक दारांपैकी एक. आपल्या पोराचे एक वर्ष गेले की तो कामाला लागतो, पोरीचे गेले की तिला पाहायला पाहुणे येतात. पोटातला गोळा मनाच्या कमजोरीने येत नाही. समोर एकच दार आहे आणि त्याची कडी आतून आहे, हे शरीराला कळलेले असते.

हे थांबणे आपल्याला वारशात मिळाले आहे. विहिरीवर आपल्या बायका घडा घेऊन उभ्या राहायच्या. कोणी सवर्ण येईल, त्याच्या मनात येईल, तो वरून पाणी ओतेल. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा तहान भागवणे एवढाच सवाल नव्हता. दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहणे तिथे संपवायचे होते. बाबासाहेबांनी आपल्या अनुभवांच्या टिपणाला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे नाव दिले. त्यातली पहिलीच हकिकत १९०१ सालची आहे. मसूरच्या स्टेशनावर पोरे वडिलांकडच्या माणसाची वाट पाहत उभी. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर विचारपूस करतो आणि जात कळताच मागे सरतो. मग एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. माझा बाप मिलमध्ये बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर उभा. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा तसाच घरी. विहीर, स्टेशन, गेट, आणि आता मोबाइलवरची लिस्ट.

आता घड्याळाची गोष्ट. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. आपलाच दलित पोरगा. फी १७,५०० रुपये. गावातून पैसे गोळा होईपर्यंत मुदतीची घटका आली, काही मिनिटांचा उशीर झाला आणि जागा गेली. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तेव्हा ३० सप्टेंबरला कोर्टाने त्याला प्रवेश द्यायला लावले. मिनिटांच्या उशिराला तीन महिन्यांची वणवण.

आणि खुर्चीचा उशीर? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला. नाव लागले १४ जानेवारी १९९४ला, तेही अर्धे, नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षे! मधल्या काळात मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे मारले गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. १९७९ साली याच नागपुरातून, दीक्षाभूमीवरून, लाँग मार्च औरंगाबादकडे निघाला. विद्यापीठाचा निर्णय ही अख्ख्या समाजाने वाट पाहण्याची गोष्ट होती. त्या साडेपंधरा वर्षांची लेट फी कोणी भरली? शासनाने नाही.

म्हणजे इथे दोन घड्याळे आहेत. आपले मिनिटाने चुकले की जागा जाते. त्यांचे वर्षांनी चुकले तरी फाइल 'विचाराधीन'. कायद्यापुढे सगळे समान, पण घड्याळापुढे नाहीत.

कागदाचेही तेच. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबाचा शाळेचा दाखला आणा. अरे, आजोबाला शाळेत बसू दिले नाही म्हणून तर ही सवलत आहे! ज्याला दाराबाहेर ठेवले त्याच्याकडेच आत बसल्याची पावती मागायची. खोटे दाखले काढून आपल्या जागा लाटणारे आहेत, म्हणून तपास पाहिजे हे मला मान्य. पण तपासाला लागणारा वेळ खऱ्या माणसाच्या खात्यातून का कापायचा?

मग थांबायच्या काळात करायचे काय? बाबासाहेबांकडे बघा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी तेवढी हातात. पैसे नाहीत, भरवसा नाही. त्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' काढला आणि त्याच वर्षी लंडनला परत गेले. त्यांना काळजी नसेल असे मी म्हणणार नाही. पण थांबण्याचा काळ त्यांनी दुसऱ्याच्या मालकीचा होऊ दिला नाही.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आज कचेऱ्यांत, कॉलेजांत काही खुर्च्यांवर आपलीच माणसे आहेत. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसतात आणि आपल्याच पोराला म्हणतात, उद्या ये. त्या पोराने काल मजुरी बुडवली, आज बुडवली, उद्याही बुडवेल. तुझ्या टेबलावर एक दिवस पडलेला कागद त्याच्या घरात एका दिवसाची उपास असतो. नमो बुद्धाय म्हणून हात जोडल्याने तो उपास फिटत नाही.

म्हणून विहारात आम्ही एक रजिस्टर ठेवले आहे. कोणी अर्ज कधी दिला, पोच घेतली का, उत्तर कधी आले. तारखा लिहायच्या. उशीर झाला की लेखी विचारायचे. २००५चा माहितीचा अधिकार आहे, त्यात ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. हे कायदे काही क्रांती नव्हेत. पण इथे निदान एकदा घड्याळ खुर्चीच्या बाजूने लागते.

आणि त्या पोरीला मी सांगितले, बाई, तू कमजोर नाहीस. लिस्ट जागा मोजते, माणूस मोजत नाही. नाव आले तर वस्तीचे आहे, नाही आले तर तेही वस्तीचे आहे, तू एकटी नाहीस. ज्याचे नाव आले त्याने ज्याचे आले नाही त्याच्या घरी आधी जायचे, पेढे नंतर.

दोस्तहो, मोबाइलकडे बघत एकेकट्याने झुरू नका. वाट पाहायचीच असेल तर सगळ्यांनी मिळून, उभे राहून, तारीख विचारत पाहू. आता त्यांनाही आपल्या प्रश्नाची वाट पाहू द्या.