सेवा ही शिक्षा, कीं औषध?

वाट चुकलेल्या मुलांस सुधारण्यासाठीं ज्या वसतिशाळा असतात, तेथें पाटी-पुस्तक व हातकाम यांबरोबर लोकसेवेचेंही काम मुलांकडून करवून घेण्याची वहिवाट आहे. ती पाहून विचारी माणसाच्या मनांत प्रश्न उद्भवतो कीं, जी सेवा हुकमानें करावी लागते तिला सेवा म्हणावें काय? आणि तिच्या योगें बिघडलेलें मन बरें होईल काय?

हा प्रश्न केवळ शहरांतील पंडितांचा आहे, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांतून बाप चाकरमानी म्हणून मुंबईस असतो, आणि मूल आजीच्या पदराखालीं वाढतें. चौदा-पंधरा वर्षांच्या वयांत संगत बिघडते, व्यसन जडतें, कोणाच्या तरी पैशास हात लागतो. आणि एके दिवशीं तें मूल गांवांतून नाहींसें होतें. “त्यास आंत ठेविलें आहे,” एवढेंच लोक कुजबुजतात. तें मूल आपल्याच शाळेंतलें व आपल्याच मंडळींतलें असूं शकतें. म्हणून हा विचार आपणां सर्वांचा आहे.

पूर्वीं अशा मुलांस मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगांत डांबीत, व तेथून तीं अधिक तरबेज होऊन बाहेर पडत. पुढें १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें मुंबईंत सुधारशाळा निघाली. तींत मुलांस धंदे शिकविण्यांत येऊं लागले. १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं निराळा कायदा झाला. आज २०१५ सालचा बाल न्याय कायदा चालू आहे. त्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यास बाल न्याय मंडळ असावें लागतें. तें मंडळ समज देऊन मुलास घरीं पाठवूं शकतें, फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहांत ठेवूं शकतें, किंवा कोणा संस्थेच्या देखरेखीखालीं लोकसेवा करण्यास सांगूं शकतें. बागेची निगा, वृद्धांची शुश्रूषा, रुग्णालयांत मदत, अपंग मुलांची सेवा, अशीं कामें २०१६ सालच्या नियमांत नमूद केलेलीं आहेत. तुरुंगाकडून धंद्याकडे व धंद्याकडून सेवेकडे, असा हा प्रवास आहे.

तथापि ह्या मार्गावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला हा कीं, असली सेवा म्हणजे स्वस्तांतली सुटका होय. २०२४ सालच्या मे महिन्यांत पुण्यास मोटारीच्या धडकेनें दोन तरुण माणसें मृत्यु पावलीं. मोटार चालविल्याचा आरोप एका अल्पवयीन मुलावर होता. त्यास जामिनावर सोडतांना अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यांत आली, तेव्हां सर्व महाराष्ट्रांत संताप उसळला. तो संताप निष्कारण होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें नुकसान झालें त्याचे अश्रू बाजूस सारून केलेली सेवा म्हणजे नुसता देखावा ठरतो.

दुसरा आक्षेप आमच्या वाचकांस अधिक बोंचेल. ज्या देशांत झाडू व टोपली शतकानुशतकें कांहीं जातींच्या माथीं मारण्यांत आलीं, तेथें तोच झाडू शिक्षा म्हणून मुलाच्या हातीं दिला, तर तो काय शिकेल? झाडणें हें हलकें काम असून तें हलक्यांनींच करावें, हेंच शिकेल. अशी शिक्षा मुलास सुधारीत नाहीं, व जो रोज घाम गाळून तें काम करितो त्याचाही अपमान करिते.

ह्या दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर ह्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्रानें आचरणानें दिलें आहे. दापोली तालुक्यांतील पालगड येथें १८९९ सालीं जन्मलेले साने गुरुजी अंमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक असतां छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते शिक्षा फर्मावीत नसत. स्वतःच त्या गुपचूप नीटनेटक्या करून ठेवीत. मुलें लाजत, व पुढें आपण होऊन कामास लागत. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि अंगमेहनत करून शिकत. हीं कांहीं गुन्हेगार मुलांचीं गृहें नव्हतीं. परंतु नियम तोच आहे. ज्या कामास वडीलधाऱ्याचा हात आधीं लागतो, तें काम हलकें राहत नाहीं. ह्यास्तव जो शिक्षक स्वतः खुर्चीवर बसून मुलांस अंगण झाडावयास लावितो, त्यानें सेवा शिकविली असें म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, कामाची गरज खरी असावी. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळूण शहरांत शिरलें. पूर ओसरल्यावर घरोघरीं व दुकानोदुकानीं चिखल सांचला, व तो काढण्यास दूरदूरचे तरुण फावडीं घेऊन आले. त्या चिखलानें कोणासही त्याचें पूर्वचरित्र विचारिलें नाहीं. आपल्या जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडांतून पाणी निसटून जातें, आणि मे महिन्यांत बायांच्या डोक्यावर हंडा येतो. पावसाळा सरतांच रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर बंधारा घातला, तर तें पाणी अडतें. असा बंधारा घालणाऱ्या मुलास आपल्या कामाचें फळ डोळ्यांनीं दिसतें.

आणि येथेंच औषधाचें मर्म आहे. ह्या मुलास आजवर सर्वांनीं कांहीं ना कांहीं दिलें: कोणी मार, कोणी उपदेश, कोणी कींव. त्याच्यापाशीं कोणी कांहीं मागितलें नाहीं. आपण कोणाच्याही उपयोगाचे नाहीं, ही त्याच्या रोगाची खोल मुळी असते. ज्या दिवशीं एखादी म्हातारी त्याच्या हातून पाण्याचा तांब्या घेते व “उद्यां येशील ना रे बाळा?” असें विचारते, त्या दिवशीं तो घेणाऱ्याचा देणारा होतो. हुकूम फावड्यावर हात ठेववूं शकतो. मन तेथें ठेववूं शकत नाहीं. तथापि लहान मुलास चालावयास शिकवितांनाही आधीं बोट धरावें लागतेंच. दोष बोट धरण्यांत नाहीं, तें कधींच न सोडण्यांत आहे. म्हणून कोणतें काम करावें हें हळूहळू मुलांनींच ठरवावें.

पहिल्या आक्षेपासही आमचें उत्तर हेंच कीं, सेवेनें भरपाई टळत नाहीं. ज्याचें चोरलें त्यास परत केलें पाहिजे, ज्यास दुखविलें त्याची क्षमा मागितली पाहिजे, व व्यसनानें पोखरलेल्या मुलास वैद्याचा उपचार मिळालाच पाहिजे. सेवा ह्या सर्वांची जागा घेत नाहीं. ती ह्या सर्वांस बळ देते.

आतां राहिला तो गांव. अशा मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास कायद्याची मनाई आहे, आणि झालेल्या चुकीचा कलंक बहुधा पुढें त्याच्या आड येऊं नये, अशीही तरतूद आहे. परंतु गांवच्या जिभेस कायदा लागू पडत नाहीं. मूल तीन वर्षें सेवा शिकून आलें, आणि गांवांत त्याची सेवा घेण्यास कोणी तयार नसला, तर सुधारशाळेचे सर्व श्रम पाण्यांत गेले. हरवलेल्या पुत्राच्या दाखल्यांतील वडील भाऊ अंगणांतच उभा राहिला, हें आपणांस ठाऊक आहे.

म्हणून उपदेशक व पंच यांस आमची विनंती आहे. असा मुलगा परत आला, तर त्यास सभेंत उभें करून गतायुष्याची कथा सांगावयास लावूं नका. त्यास शाळेंत घाला, किंवा कामावर घ्या. विहिरीचा गाळ काढावयाचा असेल तेव्हां चार जणांबरोबर त्यासही हाक मारा, आणि तुम्हीही फावडें घ्या. त्याच्यावर विश्वास टाकण्यांत धोका आहे, हें आम्ही जाणतों. परंतु विश्वास न टाकण्यांत त्याहून मोठा धोका आहे, आणि तो सर्व गांवास भोगावा लागतो.