मिशनची सुरुवात पंगतीपासून



आज मिशन रविवार. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस साऱ्या ख्रिस्तसभेसाठी ठरवून दिला. आज आपण दूरदेशीच्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करतो, यथाशक्ती दान देतो. पण मिशनकार्याचा एक मोठा धडा आपल्या जालन्याच्याच मातीत आहे. आज त्याचे मनन करू या.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ते शिकले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते कॅथलिक नव्हते, स्कॉटिश मिशनचे होते. परंतु इतर ख्रिस्ती बंधूंमध्येही पवित्र आत्मा कार्य करतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला शिकवले आहे. तेव्हा त्यांच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा नाही.

त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेले. मुलगा अल्पवयीन, म्हणून कोर्टाने त्याला घरच्यांच्या स्वाधीन केले. मग मुंबईच्या ब्राह्मण समाजात मोठा वाद पेटला. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला परत जातीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावे. पुष्कळांनी त्यांना विरोध केला. विचार करा, श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तो कोणत्या देवाला मानतो, यापेक्षा तो कोणाच्या घरी जेवला, हाच प्रश्न मोठा झाला.

नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते. ज्या मांग समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्या लोकांमध्ये त्यांनी काम केले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. बेथेल म्हणजे देवाचे घर. लोकांना प्रवचन ऐकू आले, पण त्याआधी त्यांना दिसले की, एक ब्राह्मण आपल्या वस्तीत येतो, आपल्याबरोबर उठतो-बसतो. आम्हांला वाटते, त्यांचे पहिले प्रवचन तेच होते.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवीन नाही. संत पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली, तसा तो मागे सरला, वेगळा बसू लागला. लोक काय म्हणतील, ही भीती! संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष खडसावले. पेत्राची श्रद्धा बदलली नव्हती. बदलली होती ती फक्त बसायची जागा. तरी पौलाला तो शुभवर्तमानाचाच भंग वाटला.

आपल्या कॅथलिक इतिहासातही अशी दुःखाची पाने आहेत. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे १९व्या शतकात असे चर्च बांधले गेले की, वेदी एक, पण जातीप्रमाणे बसायला दोन वेगळे भाग आणि मध्ये भिंत. ती भिंत पुढे पाडली गेली. पण मनातल्या भिंती पाडायला गवंडी मिळत नाही. म्हणूनच भारतातील महागुरूंनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना, जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे आणि ते आपल्या ख्रिस्तसभेतही आहे, हे मान्य केले.

आता आपल्याकडे वळू या. सोयरिकीची बोलणी चाललेली असतात. दोन्ही घरे ख्रिस्ती, मुलगा शिकलेला, मुलगी गुणी, सगळे जुळलेले. मग कोणीतरी हळूच विचारते, “पूर्वीचे कोण तुम्ही?” आणि बोलणी तिथेच थांबतात. रविवारी ज्यांच्या मागेपुढे उभे राहून आपण एकच ख्रिस्तशरीर स्वीकारतो, त्यांच्या घरचे पाणी प्यायला आपण किती वेळा गेलो? आम्ही धर्मगुरूही यात निर्दोष नाही. कोणी दुखावेल म्हणून आम्ही गप्प बसतो. पेत्राची भीती आमच्याही मनात आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही समतेवर पानेच्या पाने लिहिली. परीक्षा पासही झालो. पण खरी परीक्षा कागदावर होत नसते, ती जेवणाच्या ताटावर होते. बाहेरचे लोक आपली धर्मतत्त्वे वाचत नाहीत. ते आपल्या लग्नाची पंगत पाहतात. तिथे जर त्यांना जुनीच व्यवस्था दिसली, तर ते रास्तपणे विचारतील, “मग तुमच्या येशूने वेगळे काय केले?” या प्रश्नाला मिशनच्या दानपेटीत टाकलेली नोट उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून या मिशन रविवारी दान अवश्य द्या, आणि आणखी एक गोष्ट करा. आपल्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबाच्या घरी तुम्ही आजवर कधी जेवला नाहीत, त्यांना या महिन्यात जेवायला बोलवा. त्यांनी बोलावले तर आनंदाने जा. आम्हीही जाऊ. आपल्या गावापुरते मिशनकार्य इथूनच सुरू होईल.

जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंगतीला बसलेला प्रभू येशू आपल्याला एकमेकांशेजारी बसण्याचे धैर्य देवो. आमेन.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू