सांताक्लॉज खरा असतो का?

डिसेंबर २०२१ मध्ये इटलीतील सिसिली बेटावर एक छोटीशी खळबळ उडाली होती. नोतो धर्मप्रांताचे तेव्हाचे बिशप अंतोनियो स्ताल्यानो यांनी संत निकोलसच्या सणानिमित्त जमलेल्या मुलांना सरळ सांगून टाकले, की सांताक्लॉज नावाचा कोणी नसतो, आणि त्याचा लाल पोशाखही कोका-कोला कंपनीने जाहिरातीसाठी निवडलेला आहे. पालक रागावले. शेवटी धर्मप्रांताच्या प्रवक्त्यांना माफी मागावी लागली. मुलांचा हिरमोड करण्याचा बिशपांचा हेतू नव्हता, नाताळचा खरा अर्थ त्यांना सांगायचा होता, असा खुलासा करण्यात आला.

लाल रंगाबद्दल बिशपस्वामींचे म्हणणे तसे पूर्ण बरोबर नव्हते. १९३१ पासूनच्या त्या जाहिरातींनी सांताचे ते गुबगुबीत रूप जगभर पोचवले हे खरे, पण लाल कपड्यांतला सांता त्याआधीही चित्रांत दिसत होता. ते असो. मूळ प्रश्न रंगाचा नाहीच. लहान मुलाला सांताक्लॉजबद्दल सांगणे हे खोटे बोलणे आहे का, हा प्रश्न आहे. आपल्या वसईतल्या घराघरांतही दर डिसेंबरमध्ये तो येतो, फक्त तो विचारणारे सहासात वर्षांचे असल्यामुळे आपण त्याला प्रश्न मानत नाही.

आमच्या घरातली तयारी तुमच्या घरासारखीच असते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी माळ्यावरचा खोका खाली येतो. गोठ्यात हिरवे शेत दिसावे म्हणून नाताळच्या आठदहा दिवस आधी ताटल्यांत नाचणी पेरतात. ते काम नातीचे. सकाळ-संध्याकाळ ती पाणी शिंपडते, आणि कोंब आला की शेजारपाजारी सांगून येते. मग करंज्या, कुलकुल, दोदोल. कुलकुल वळायला घरातल्या सगळ्यांना बसवतात. नव्या कंगव्याच्या दातांवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, की वर सुरेख रेषा उमटतात. मुलांच्या हातचे निम्मे कुलकुल वाकडे होतात आणि तेच आधी संपतात. चांदणी टांगायला मुलगा शिडीवर चढतो आणि खालून चार माणसे चार दिशांना सांगत राहतात. हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. पीठ कोणी मळले, चांदणीची वायर कोणी जोडली, गोठ्यासाठी गवत कुठून आणले, सगळे त्यांना ठाऊक असते. तयारीतली एकच गोष्ट मुलांपासून लपवून केली जाते, ती म्हणजे सांताची भेट.

आमच्या लहानपणी घरी सांता येत नसे. नवे कपडे यायचे, आणि ते वडिलांनी शिवून घेतले आहेत हे शिंप्याकडे माप द्यायला गेल्यामुळे माहीत असायचे. आता शाळेत सांता येतो, मॉलमध्ये येतो, आपल्या कॅरोलच्या मेळ्यातही घंटा वाजवत येतो. मेळ्यातल्या सांताला मुले चपलांवरून ओळखतात, त्यामुळे तिथे फसवणुकीचा प्रश्न उद्भवत नाही!

खोटे बोलण्याच्या बाबतीत आपल्या परंपरेत संत ऑगस्टीन यांच्याइतके कडक कोणी नसेल. त्यांनी या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. पहिल्यात खोट्याचे आठ प्रकार मोजले आणि आठही नाकारले. कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे मत. त्यासाठी त्यांनी तागास्ते येथील फर्मस नावाच्या बिशपांचे उदाहरण दिले आहे. त्यांनी एका माणसाला आश्रय देऊन लपवले होते. बादशहाची माणसे शोधत आली. फर्मस म्हणाले, मी खोटे बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही. त्यांचा छळ झाला, तरी ते बधले नाहीत. शेवटी त्यांना बादशहासमोर नेले, तेव्हा त्यांच्या धैर्याने प्रभावित होऊन बादशहाने त्या माणसाला माफी दिली. असे हे ऑगस्टीन. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी एक गोष्ट बाजूला काढून ठेवली, ती म्हणजे थट्टा. बोलणाऱ्याच्या आवाजावरून, चेहऱ्यावरून गंमत चालली आहे हे कळते, म्हणून थट्टेला कोणी खोटे म्हणत नाही, असे ते सांगतात. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी खोट्याचे तीन वर्ग केले. कोणाचे नुकसान करणारे, कोणाच्या उपयोगाचे आणि गमतीचे. गमतीच्या खोट्यालाही त्यांनी निर्दोष म्हटले नाही, पण त्याला घोर पापही धरले नाही.

आता सांता कुठे बसवायचा?

मला वाटते, उत्तर भातुकलीत आहे. नात रिकामा कप माझ्या हातात देते आणि म्हणते, ‘आजोबा, चहा.’ मी घोट घेतो आणि म्हणतो, साखर जास्त झाली. मी खोटे बोललो का? मुळीच नाही. कप रिकामा आहे हे तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भरवत आलो. त्या भाताचा एक कणही कावळ्याला मिळाला नाही आणि एकाही मुलाने मोठेपणी आईवर फसवणुकीचा आरोप केला नाही. मूल तीनचार वर्षांचे असते, तेव्हा खरे आणि कल्पनेतले यांच्यामधली भिंत त्याने स्वतःच अजून पुरती बांधलेली नसते. त्या वयात सांताची गोष्ट सांगणे हे याच जातीचे.

पण एक दिवस मूल खेळाच्या बाहेर येते. जवळ येऊन बसते, आवाज खाली आणते आणि म्हणते, ‘गंमत नाही, खरं खरं सांगा.’ त्या क्षणी कप बाजूला ठेवलेला असतो. आता ते भातुकली खेळत नाही, साक्ष मागते आहे. इथून पुढे जे सांगाल ते थट्टेत मोडत नाही, कारण थट्टेची खूणच त्याने पुसून टाकली आहे. या क्षणानंतरही ‘असतो ना, काल रात्री मी घुंगरांचा आवाज ऐकला’ असे सांगणारे पालक मी पाहिले आहेत. खोटी पत्रे लिहिणारे, अंगणात पिठाने पावले काढणारेही पाहिले आहेत. त्यामागे प्रेमच असते. पण मूल शंका घेऊ लागल्यावर त्याच्या शंकेला हरवण्यासाठी पुरावे तयार करणे मला पटत नाही. ‘विश्वास ठेवला नाहीस तर भेट मिळणार नाही’ ही धमकी तर त्याहून वाईट. विश्वास आणि भेटवस्तू यांची अशी गाठ बांधून दिली, की पुढे प्रार्थनेचेही तेच होते. मागितलेले मिळाले तर देव आहे, नाही मिळाले तर नाही.

अनेक पालक म्हणतात, आनंद कशाला हिरावून घ्यायचा, बालपण असते किती दिवसांचे? या म्हणण्यात तथ्य आहे. पण मुलाला एक दिवस कळणारच असते, आणि ते बहुधा शाळेच्या बसमध्ये एखाद्या मोठ्या मुलाकडून, चारचौघांत, हसू होऊन कळते. त्यापेक्षा आईच्या मांडीवर कळलेले बरे.

दुसरी भीती जास्त खोल आहे. ज्या तोंडाने सांता सांगितला त्याच तोंडाने येशूबाळही सांगितला. एक खोटा निघाला तर दुसऱ्याचे काय? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातही ऐकू येतो. आमच्या घरी तो वेगळ्या वाटेने आला. नाताळच्या रात्रीची मिस्सा होईपर्यंत आम्ही गव्हाण रिकामी ठेवतो. बाळ येशूची मूर्ती कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली असते. नातीने वडिलांना ती काढताना पाहिले आणि विचारले, ‘म्हणजे बाळ येशू पण तुम्हीच आणता?’ मुलगा गोंधळला. त्याच्या आईने मात्र शांतपणे सांगितले, ‘ही मातीची मूर्ती आहे. आपण आणली. येशू खराच जन्मला होता, त्याची आठवण म्हणून.’ नातीला एवढे पुरले. कारण मूर्ती म्हणजेच येशू, असे तिला कोणी कधी सांगितले नव्हते.

गोठ्याची ही गोष्ट मला फार आवडते. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, गवत घातले, बैल आणि गाढव आणले आणि तिथे मिस्सा झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये त्याच ग्रेच्चोला जाऊन गोठ्याविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली. आता बैल आणि गाढव संत लूकच्या शुभवर्तमानात नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात आले. ज्ञानी लोक तीन होते असे संत मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन होत्या म्हणून माणसे तीन झाली. आणि नाचणीचे शेत तर आपले वसईचे! तरीही गोठा खोटा नाही. तो कोणाला फसवत नाही. तो मातीचा आहे हे तो लपवत नाही आणि बोट मात्र खऱ्या घटनेकडे दाखवतो. कल्पना आणि खोटे यांतला फरक मुलांना समजावायचा असेल, तर घरातल्या घरात एवढे चांगले साधन दुसरे नाही.

इथपर्यंत मी सांताच्या असण्या-नसण्याबद्दल बोललो. खरे तर मला त्याहून जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. आकाशातून हरणांची गाडी येते ही कल्पना निरुपद्रवी आहे. ‘सांता चांगल्या मुलांनाच भेट देतो’ हे वाक्य निरुपद्रवी नाही.

आमच्या आळीत एका घरी सांताने सायकल दिली. त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला सांताने रंगपेटी दिली, तीही छोटी. दोघे एकाच वर्गात. त्या मुलाने आईला विचारले, ‘मी काय केलं होतं?’ बाईंनी हे आमच्या घरी सांगितले तेव्हा त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. त्या मुलाचा तर्क अगदी बरोबर होता. भेट चांगुलपणावर मिळते, त्याला सायकल मिळाली, मला नाही, म्हणजे मी कमी चांगला. वडिलांची रिक्षा महिनाभर बंद होती हे कारण त्याला कोणी सांगितलेच नव्हते, कारण भेट वडिलांनी दिली हेच गुपित होते. आणि सायकलवाल्या मुलाचे काय? त्यानेही शांतपणे मनात नोंद केली असेल, की मला मिळाली कारण माझी लायकी होती. दोघांमध्ये त्याचेच नुकसान मला जास्त वाटते. ही समजूत घेऊन मोठी झालेली माणसे आपण पाहतो. गरीब का गरीब आहे, हे ती फार लवकर सांगू शकतात.

आणि हे सारे कोणाच्या नावाने? संत निकोलस चौथ्या शतकात मायरा येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशप होते. त्यांचे अवशेष १०८७ साली इटलीत बारी येथे नेण्यात आले, सण ६ डिसेंबरला येतो. डच लोकांचा सिंटरक्लास अमेरिकेत पोचून सांताक्लॉज झाला. त्यांच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी, की एका कफल्लक झालेल्या माणसाला तीन मुली होत्या, हुंड्याअभावी त्यांच्यावर देहविक्रयाची पाळी येणार होती. निकोलसने रात्री अंधारात खिडकीतून सोन्याची थैली टाकली. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मुली चांगल्या वागतात का, याची चौकशी केली नाही. अंधारात टाकली, कारण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. त्या गुपितामागे हे कारण होते. आपण गुपित तेवढे ठेवले आणि त्यात परीक्षा घातली. नाताळच्या रात्री देवदूत मेंढपाळांकडे गेला तोही त्यांचे प्रगतिपुस्तक पाहून नव्हे.

म्हणून ‘खरं खरं सांगा’ म्हणणाऱ्या मुलाला सांगण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. निकोलस नावाचा माणूस खरा होऊन गेला. तो लपून देत असे. त्याच्या नावाने आम्हीही लपून देतो. आता तुला कळले, तेव्हा यंदा तूही देणाऱ्यांच्या बाजूला ये. आमच्या नातीला आम्ही गेल्या वर्षी हेच सांगितले. ती थोडी रडली, हे लपवत नाही. मग तिने विचारले, ‘मी कोणाला देऊ?’ वहीच्या कागदावर बरीच खाडाखोड झाली. शेवटी कोणाला आणि काय दिले हे आजीला माहीत आहे, मला नाही. मला सांगायचे नाही असे ठरले.

एक अडचण मात्र उरतेच. ज्याला कळले त्याने धाकट्यांना सांगायचे का? तू बोलू नकोस, असे मुलाला बजावले तर आपण त्याला आपल्या लपवाछपवीत ओढतो का? कॅथलिक कॅटेकिझम सांगतो, की विचारणाऱ्या प्रत्येकाला सगळे सांगायला आपण बांधील नाही, प्रेमाखातर आणि दुसऱ्याच्या हिताखातर गप्प राहता येते. पण गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांच्यामधल्या दोरीवरून चालणे मोठ्यांनाही जमत नाही, सात वर्षांच्या मुलीला कसे जमावे? आम्ही तिला काहीच बजावले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तिचा चार वर्षांचा मामेभाऊ आला आणि कुलकुल खाता खाता त्याने तिला विचारले, सांता नक्की येणार ना? मी ओटीवर होतो, कान टवकारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ते मी नाही सांगणार. तू मामीला विचार.’ तो धावत आत गेला. त्याची आई काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. स्वयंपाकघरात करंज्या तळणे चालू होते.