तो दहावा माणूस परका होता

आजचं वाचन: लूक 17:11-19



लेकरांना कृतज्ञता शिकवायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. ताटात भाजी उरली की आई म्हणते, "मेळघाटातल्या पोरांना बघ, त्यांना हेही मिळत नाही." अमरावतीत वाढलेल्या बहुतेकांनी हे ऐकलं असेल. मीही ऐकलं, आणि मुकाट्याने पोळी संपवली. पण या वाक्यातून मूल नेमकं काय शिकतं? देवा, मी त्यांच्यासारखा नाही, म्हणून तुझे आभार. लूकच्या पुढच्याच अध्यायात (18:9-14) एक परूशी मंदिरात उभा राहून जवळपास हेच बोलतो. आणि प्रभू येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो परूशी नव्हे, तर दूर उभा राहून छाती बडवणारा जकातदार.

म्हणून आजचा भाग जरा सावकाश वाचू.

शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर दहा कुष्ठरोगी भेटतात. एरवी यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आजाराने मात्र ती भिंत पाडली होती. येशू त्यांना याजकांकडे पाठवतो आणि जाताजाताच ते शुद्ध होतात. नऊ जण तसेच पुढे जातात. खरं तर त्यांनी सांगितलं तेच केलं. आमच्या ऑफिसच्या भाषेत, टिकीट क्लोज! एकच मागे फिरतो, मोठ्याने देवाचं गौरव करत येतो, येशूच्या पाया पडतो. आणि तो कोण हे लूक तेव्हाच उघड करतो. तो शोमरोनी होता. ज्याच्याकडे बघून "बिचारा" म्हणायचं, त्याच्याकडूनच पवित्र शास्त्र आपल्याला उपकारस्तुती शिकवतं.

संडे स्कूलमध्ये चौथी-पाचवीच्या मुलांसोबत हा भाग घेतला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "दादा, हा रोग आता असतो का?" असतो. आपल्याच जिल्ह्यात, परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचं हॉस्पिटल आहे. त्या मिशनची सुरुवात कुठे झाली, तर आयर्लंडमध्ये. वेलस्ली बेली नावाच्या आयरिश माणसाने 1869 मध्ये अंबाल्याला कुष्ठरुग्ण पाहिले. पुढे 1874 मध्ये डब्लिनला त्याने ते पिम कुटुंबातल्या तीन बहिणींना सांगितलं, आणि वर्षाला 30 पौंड गोळा करण्याचं वचन दिलं गेलं. सुरुवात एवढीच.

मग मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि औषधाच्या एका पाकिटाचा प्रवास शोधायला सांगितला. (कोड लिहिणाऱ्यांना हे पटेल: आपल्या चार ओळींखाली किती अनोळखी लोकांची मेहनत असते, ते डिपेन्डन्सी उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.) कुष्ठरोगाच्या उपचारात तीन औषधं एकत्र देतात. डॅप्सोन पहिल्यांदा 1908 मध्ये जर्मनीत तयार झालं. रिफॅम्पिसिनचं मूळ फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातली मूठभर माती. तिच्यावर काम झालं इटलीत, मिलानला. क्लोफाझिमिन पुन्हा डब्लिनचं, खरं तर क्षयरोगासाठी शोधलेलं, आणि कुष्ठरोगावर ते चालतं हे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नायजेरियात दिसून आलं. म्हणजे तिथल्या आजारी माणसांनी ते आधी स्वतःच्या शरीरावर घेऊन पाहिलं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिन्ही एकत्र द्यायची शिफारस केली आणि 1995 पासून ते जगभर मोफत मिळू लागलं.

नकाशावर दोरे बांधून झाले तेव्हा वर्ग शांत होता. मग एका मुलीने विचारलं, "नायजेरियातल्या त्या लोकांना कोणी थँक्यू म्हटलं का?"

यावर मला काही बोलता आलं नाही. आम्ही तिथेच डोळे मिटले आणि तिनेच प्रार्थना केली. एरवी आफ्रिकेसाठी आपण प्रार्थना करतो ती अन्न मिळावं म्हणून. त्या दिवशी आम्ही आभार मानले.

आता घरी जेवताना तुलना बंद करून बघा. उलट विचारा, हे आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आलं? अंजनगाव-दर्यापूरकडच्या घरात नळ सोडताना विचारा. शहानूर धरणाचं पाणी त्याच मेळघाटच्या डोंगरांतून येतं, जिथल्या पोरांची आपण ताटावर बसून कीव करत असतो.

शेवटी एका पोट्ट्याने मला अडवलंच. "ते सगळे आपल्याला देतात, मग आपण काऊन नाही देत?" मी त्याला वेल्लोरचं सांगितलं. डॉ. पॉल ब्रँड यांनी तिथे कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली आणि ती विद्या भारतातून जगभर गेली. त्याला ते आवडलं, पण समाधान झालं नाही. "ते वेल्लोर झालं. अमरावतीतून काय गेलं?"

हा प्रश्न आता फळ्यावर लिहून ठेवलाय. कोठाऱ्याच्या भेटीसाठी परवानगी मागितली आहे. मुलं या वेळी वाटायला काही नेणार नाहीत, फक्त वह्या नेणार आहेत. तिथे बरे झालेल्या माणसांना त्यांना बरंच विचारायचंय. परवानगी लवकर मिळावी म्हणून प्रार्थनेत आठवण ठेवा.