श्वान पायाशी, घर सोवळे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी घरोघर सुरू होते. परवा प्रवचन संपल्यावर एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "काका, आमच्याकडे कुत्रा आहे. सासूबाई म्हणतात, घरात केस नि घाण, सोवळं कसं राहायचं? एक तर कुत्रा ठेवा, नाहीतर पोथी. काय करू?"

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण हाच प्रश्न एकदा माझ्याच घरात उभा राहिला होता आणि मी तो चुकीचा सोडवला होता. ती गोष्ट आज सांगतो.

आमच्याकडे मोती होता. १३ वर्षांचा, म्हातारा. त्या वर्षी सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी त्याने माजघरात लघवी केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी सोवळ्यात होतो, संताप आला. त्याला मागच्या पडवीत नेऊन बांधले. रात्री मी नियमाप्रमाणे जमिनीवर चटई टाकून निजलो, आणि आपण केवढे तप करतो आहोत असे मनाशी म्हटले. बाहेर गार फरशीवर मोती कण्हत होता. मला ऐकू येत होते. मी कूस बदलली.

मध्यरात्री आमची मंडळी उठली, घोंगडी घेऊन पडवीत गेली. सकाळी एवढेच म्हणाली, "दत्ताच्या तसबिरीतले चार श्वान रोज गंध लावून पुजता. आपला एक तेवढा दाराबाहेर?"

त्या दिवशी वाचनात मन लागेना. संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मूत्रपिंडे थकली आहेत, त्याला आवरतच नाही. म्हणजे ज्याला मी खोड समजलो ते दुखणे होते. औषधे सुरू केली. होळीच्या आधी मोती गेला. ती एक रात्र मात्र माझ्या खात्यावर राहिली.

आता विचार करा. दत्तप्रभूंच्या पायाशी असलेले श्वान म्हणजे चार वेद आणि मागे उभी गाय म्हणजे पृथ्वी, असे आपण मुलांना सांगतो. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने २४ गुरू केले. त्यांत कपोत, अजगर, हत्ती, हरिण, मासा आहेत, कोळीसुद्धा आहे. आपल्याकडे वैश्वदेवानंतर गोग्रास आणि श्वानबळी काढून ठेवण्याची रीत होती. मुका जीव घराच्या धर्माबाहेर कधी नव्हताच.

मग सोवळ्याचे काय? सोवळे सोडा, असे मी म्हणत नाही. गुरुचरित्रात गृहस्थाचा आचार केवढ्या तपशिलाने सांगितला आहे! पण नृसिंहवाडीला जाऊन बघा. पावसाळ्यात कृष्णामाई मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते. पाणी ओसरले की गाळ उरतो. देव बाटला असे कोणी म्हणते का? भक्त गाळ उपसतात, फरशी धुतात, पूजा पुढे चालू होते. स्वच्छता म्हणजे घाण कधी न होणे नव्हे. झालेली घाण न रागावता काढणे, ही स्वच्छता.

म्हणून त्या ताईंना मी जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. अगदी साधे आहे.

लघवी दिसली की आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, मग पुसा. एकदम पुसले की पसरते. नुसत्या फिनेलने वास झाकला जातो. खाली वास उरला तर जनावर त्याच जागी परत येते. साबणाच्या पाण्याने धुऊन, पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसा आणि कोरडे करा. घरात मांजर असेल तर फिनेल नकोच. पायाला लागलेले ते चाटते, आणि ते त्याला बाधते. केस रोज अंगणात किंवा गच्चीवर विंचरा. बाहेरून आल्यावर दारातच पाय पुसा. अंथरूण आठवड्याला धुऊन उन्हात टाका. गोचीड बघा. जंताचे औषध आणि रेबीजची लस चुकवू नका. घाण काढली की हात साबणाने धुवा, मगच पोथीला हात लावा. देवघराला हातभर उंचीची फळी लावा आणि त्याची मर्यादा प्राण्याला प्रेमाने शिकवा. मारून नाही. आणि शिकलेला प्राणी अचानक घरात घाण करू लागला, तर काठी उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. हे शेवटचे मी उशिरा शिकलो.

बाहेरची फरशी धुवायला बादलीभर पाणी पुरते. मनातली किळस आणि राग धुवायला मला एक सप्ताह अपुरा पडला. फडके हातात घेताना नाव घ्या, म्हणजे तीही सेवाच होते.

ताईंच्या सासूबाई यंदा पारायणाला बसणार आहेत. कुत्रा उंबऱ्याबाहेर नाही, उंबऱ्याशी बसणार आहे, असा निरोप आला. मला मोतीची आठवण झाली.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!