शिक्षा संपल्यानंतर

मराठी माणसास ‘चौक’ म्हटले म्हणजे चार रस्ते एकत्र येण्याची जागा डोळ्यांपुढे येते. लखनौचा चौक तसा नव्हे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत गेलेली ती एक अरुंद, लांबट बाजारपेठ आहे आणि भोवतालची सारी जुनी वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. चिकनचे कपडे, अत्तरे, सराफी पेढ्या आणि हिवाळ्याच्या सकाळी मिळणारे दुधाच्या फेसाचे हलके मक्खन, असा तिचा संसार. याच मोहल्ल्यात राहून अमृतलाल नागरांनी हिंदी कादंबऱ्या लिहिल्या आणि आपल्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ही हिंदीत नेला; तेव्हा बदलीच्या निमित्ताने येथे येऊन पडलेल्या आम्हां मंडळींस हा भाग अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

गोष्ट २०२४ च्या एप्रिलअखेरची. घरातील एक तुटका डागिना दुरुस्तीस देऊन आम्ही ओळखीच्या एका पेढीवर बसलो होतो. भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू-आयोगाचे अध्यक्ष म्हणून नरसिंग यादव यांची निवड झाल्याची बातमी त्या दिवसांत ताजी होती. पेढीचे मालक म्हणाले, “आपल्या महाराष्ट्राचा पहिलवान ना?” आम्ही म्हटले, घराणे तर तुमच्याच वाराणसीकडचे. दोघांचेही म्हणणे खरे होते. वडील दुधाच्या धंद्यासाठी मुंबईस आले, मुलगा तेथेच वाढला, लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी झाला. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा दोन्ही प्रांतांनी त्याला आपला म्हटले होते. २०१६ मध्ये मात्र दोघेही थोडे दूर सरकले.

त्या वर्षी रिओच्या ऑलिंपिकपूर्वी त्याच्या नमुन्यांत मेथॅनडायनोन हे निषिद्ध द्रव्य सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणी तरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे; आणि राष्ट्रीय उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या समितीने ते मान्यही केले. परंतु क्रीडा लवादाने ऐन रिओमध्ये, १८ ऑगस्टला, घातपाताचा पुरावा नाही असे ठरवून चार वर्षांची बंदी घातली. ती २०२० मध्ये संपली. आणि २०२४ मध्ये खेळाडूंच्या तक्रारी ज्या आयोगापुढे यावयाच्या त्याच्या प्रमुखपदी तोच मल्ल बसला. मालकांचा प्रश्न सरळ होता: ज्याच्यावर असा ठपका आला, त्याच्या हाती पोरांचे भवितव्य द्यावे काय?

हा प्रश्न कुस्तीपुरता नाही. त्याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा युरोपातील व्यावसायिक सायकल-शर्यती ही होय. तेथे संघ चालविणारे बहुतेक लोक पूर्वी स्वतः शर्यतपटू असतात, आणि गेल्या शतकाच्या अखेरचा काळ असा होता की, रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे ईपीओ हे औषध सर्रास चाले. त्या पिढीचे लोक वयाने मोठे होऊन व्यवस्थापकांच्या खुर्च्यांवर आले. मग नव्या पोरांस सचोटी शिकवायची कोणी?

जोनाथन वॉटर्स यांचे उत्तर आमच्या पेढीमालकांना पटले असते. आपण स्वतः औषधे घेतली होती हे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिले. त्यापूर्वीच त्यांनी असा संघ उभा केला होता की, ज्यात डेव्हिड मिलरसारख्या, शिक्षा भोगून व सत्य सांगून आलेल्या माणसास जागा होती. चोराच्या वाटा चोरासच ठाऊक, ही म्हण आपण हेटाळणीने वापरतो. वॉटर्स यांनी ती पहारेकऱ्याची पात्रता म्हणून वापरली. मोह कोणत्या रात्री येतो, कोणता डॉक्टर कोणत्या शब्दांत बोलतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यास पोराच्या चेहऱ्यावरून कळते.

पण ही वाट दोन्ही दिशांनी जाते. १९९६ ची फ्रान्सची शर्यत जिंकणारे ब्यार्ने रीस पुढे एका मोठ्या संघाचे प्रमुख झाले. २००७ मध्ये, पूर्वीचे सहकारी एकामागून एक बोलू लागल्यावर, त्यांनीही ईपीओ घेतल्याचे कबूल केले आणि आपल्या खुर्चीवर कायम राहिले. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेचा अहवाल आला: आपल्या संघातील काही शर्यतपटू औषधे घेतात हे रीस यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते थांबविले नाही. म्हणजे वाटा ठाऊक होत्या, पण पहारा नव्हता. अलेक्झांडर विनोकुरोव्ह २००७ मध्ये परक्या रक्ताच्या संक्रमणात सापडले, बंदी भोगून परतले, २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन निवृत्त झाले आणि लगेच अस्ताना संघाचे प्रमुख झाले. २०१४ मध्ये त्या संघाचे शर्यतपटू चाचणीत सापडले आणि परवाना जातो की काय अशी वेळ आली. योहान ब्रुनेल यांना तर २०१८ मध्ये लवादाने कायमचेच बाहेर काढले. अनुभवी माणूस अधिक सावध असतो एवढेच यावरून सिद्ध होते. ती सावधगिरी कोणाच्या कामी येईल हे सिद्ध होत नाही.

मग डाग असलेला एकही माणूस नको, हा दुसरा उपाय. स्काय या इंग्रज संघाने २०१२ च्या अखेरीस तो योजिला. संघातील प्रत्येकाने ‘माझा उत्तेजकांशी पूर्वी कधीही संबंध आलेला नाही’ अशा लेखावर सही करावयाची. ज्याचा आला असेल त्याने जावयाचे. बॉबी ज्यूलिक आणि स्टीव्हन डी योंग या दोघांनी खरे सांगितले आणि त्यांस जावे लागले. नियम वरवर पाहता निष्कलंक. पण त्याची परीक्षा कोणत्या गुणाची होते ते पाहावे. खरे बोलणारा बाहेर जातो, पूर्वी निर्मळ असलेला आत राहतो, आणि सफाईने खोटे बोलणारा असेल तर तोही आतच राहतो. नियमाला शेवटच्या दोघांत फरक करता येत नाही.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमची एक जुनी टिपणी आठवली, आणि तेव्हापासून ती आमचा पिच्छा सोडीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रांतात, आम्ही ज्या कचेरीत होतो तेथील भांडारात कमी माल घेऊन पूर्ण मालाच्या पावत्या दिल्याचे उघडकीस आले. संशय चौघांवर होता. तिघांनी कानांवर हात ठेवले आणि पुराव्याअभावी सुटले. चौथा आपण होऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, सह्या माझ्याही आहेत.” त्याच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या. शिक्षेची मुदत संपल्यावर त्यास पुन्हा भांडारात घ्यावे काय, अशी विचारणा आमच्याकडे आली. वाचकांपैकी अनेकांनी अशी धारिका हाताळली असेल. तिच्यावर काय लिहावयाचे असते तेही त्यांस ठाऊक असेल. ‘संवेदनशील पदावर नेमणूक इष्ट नाही,’ एवढेच आम्ही लिहिले. ती जागा त्या तिघांपैकी एकास मिळाली. नियमाप्रमाणे आमची चूक नव्हती, आणि कोणी आम्हांस जाबही विचारला नाही. पण आम्ही त्या दिवशी सचोटीची निवड केली नाही. कोऱ्या कागदाची केली.

नरसिंग यादव यांचे प्रकरण याहूनही अवघड, कारण तेथे कबुली नाही. त्यांनी आरोप प्रथमपासून नाकारला. ‘आधी कबूल करा, मग विश्वास ठेवू’ असे आपण म्हणू लागलो, तर जो खरोखरच निर्दोष असेल त्यास आपण खोटे बोलण्यास सांगत आहोत. उलट लवादाचा निर्णय म्हणजे गावगप्पा नव्हे. पुरावा पाहून दिलेला तो निर्णय आहे आणि तो कायम आहे. या दोहोंच्या मध्ये उभे राहूनच आपणांस ठरवावे लागते. जागतिक नियमावली एवढेच सांगते की, बंदी चालू असलेल्या प्रशिक्षकाशी वा सहायकाशी खेळाडूंनी संबंध ठेवू नये. बंदी संपल्यावर कायदा गप्प बसतो, आणि तेही योग्यच. शिक्षेस अंत नसेल तर ती शिक्षा राहत नाही, जात बनते.

तथापि आखाड्यात परतणे निराळे आणि आखाडा चालविणे निराळे, असे आम्हांस वाटते. परतलेला मल्ल स्वतःची अब्रू पणास लावतो. संघाचा प्रमुख एकोणीस वर्षांच्या मुलाची लावतो, आणि त्या मुलाला बाटलीत काय आहे हे पुष्कळदा ठाऊकही नसते. आपल्या देशात २०२३ मध्ये तपासलेल्या ५६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. त्यांतील प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी वडीलधारा उभा असणारच, निदान डोळेझाक करणारा तरी. म्हणून प्रमुखास विचारावयाचा प्रश्न ‘तू तेव्हा काय केलेस’ एवढाच नसावा. तुझ्यावर आता कोण नजर ठेवते, आणि ती तुला सोसते काय, हाही असावा. रीस यांच्याबाबत हा दुसरा प्रश्न वेळीच कोणी नेटाने विचारलेला दिसत नाही. कुस्तीच्या आयोगाबाबत एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे: ही निवड वरून झालेली नाही, मल्लांनीच केलेली आहे. ज्यांचे नुकसान व्हावयाचे त्यांनीच विश्वास टाकला असेल, तर बाहेरच्यांनी नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे. त्या विश्वासाची परीक्षा एखादा घाबरलेला पोरगा तक्रार घेऊन त्यांच्या दारी जाईल तेव्हा होईल.

हे सारे आम्ही पेढीवर बोललो नाही. तेवढे बोलण्याइतकी आमची उर्दूही चांगली नाही. मालकांनी मात्र आमच्यापुढे बसलेल्या वृद्ध कारागिराकडे बोट दाखविले. हा माणूस तरुणपणी डाग देताना सोने काढून हलका धातू भरीत असे, दुसऱ्या पेढीवर पकडला गेला आणि वर्षभर त्यास कोणी काम दिले नाही. आज या पेढीवर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक दागिन्याचे सांधे तोच तपासतो. “आणि काटा?” आम्ही विचारले. “काटा माझ्याकडे,” मालक म्हणाले.

कारागीर हे ऐकत होता. त्यास राग आल्याचे दिसले नाही. डागिना जोडून झाला तेव्हा त्याने तो आमच्या हाती दिला नाही. आधी काट्यावर ठेवला आणि काट्याचे तोंड आमच्याकडे वळविले. आम्ही आकडा वाचला, मग मालकांनी वाचला, आणि तोपर्यंत तो दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिला.