ओढतंय की!

सहा वर्षांपूर्वी आमची बदली पंचतारांकितला झाली, हे ऐकून पुण्याच्या आमच्या साडूंनी फोनवर विचारलं होतं, "रिसेप्शनला बसवणार, का किचनच्या हिशेबाला?" त्यांचा दोष नाही. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं बँकेतल्या कारकुनांच्या नातेवाइकांचा विचार केलेला दिसत नाही. इथं तारे दिसतात ते फौंड्रीत साच्यामध्ये लोखंडाचा रस ओतताना उडतात ते. आमच्या शाखेत पंखे पाच आहेत आणि त्यांतले तीन फिरतात, तेव्हा आमचं तारांकन तीनवर धरायला हरकत नाही.

शाखेसमोरून दिवसभर जे चालतं त्याला दुसरीकडे वाहतूक म्हणत असतील. इथं त्याला 'ओढणं' हाच शब्द आहे. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेले ट्रॅक्टर, आणि बारा महिने डिझेलच्या पिकअप गाड्या. फौंड्रीतून निघालेलं कास्टिंग मशीनशॉपला न्यायचं, आणि तिथून आणखी कुठं. दिसायला गाडी निम्मी रिकामीच असते. कापसाची गाडी भरलेली दिसते आणि हलकी असते. लोखंडाची गाडी रिकामी दिसते आणि मागचे पाटे उलटे वाकलेले असतात. गाडीची ताकद कागदावर दीड टनाच्या आसपास. हौद्यात तीन टन. विचारलं, की ड्रायव्हर बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "ओढतंय की!"

आता वाचकहो, हे उत्तर आहे का? मी गेली काही वर्षं याच दोन शब्दांपाशी अडकून पडलो आहे. ओढतंय, हे खरं. पण ओढतंय म्हणून घालावं, हे कुठून आलं? आमच्या घरी थोरल्या वहिनींना सगळा गोतावळा जमला की चाळीस माणसांच्या पोळ्या लाटायला लावतात, कारण त्यांना लाटता येतात. ज्यांना येत नाहीत त्या जावा बाहेर झोपाळ्यावर बसून वहिनींचं कौतुक करतात. बँकेत मला एकदा कॅश लवकर जुळवता आली. ती चूक मी आजतागायत फेडतो आहे.

डिझेलचं इंजिन तरी काय वेगळं करतं? त्यात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. नुसती हवा घ्यायची, ती पंधरा-वीस पटीनं दाबायची, दाबून दाबून ती इतकी तापते, की डिझेलचा फवारा मारल्याबरोबर भडका उडतो. म्हणजे दाबल्याशिवाय ते काम करत नाही. मार्चअखेरीला आमची शाखा याच तत्त्वावर चालते. शिवाय पेट्रोलवालं पळण्यात हुशार, तर डिझेलवालं सावकाश फिरत असतानाच जोर लावणारं. त्यामुळं जगातली सगळी ओझी त्याच्याकडं आली. ज्यांनी हे इंजिन काढलं ते रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून एका रात्री नाहीसे झाले. त्या वेळी ते आर्थिक ओढाताणीत होते. माझ्यातला कारकून लगेच म्हणतो, हप्ते थकले असावेत.

आता आमच्या एका खातेदाराची गोष्ट. नाव सांगत नाही, बँकेचा नियम आहे. आपण त्याला 'पावणं' म्हणू. आमच्याकडं ओळख असो वा नसो, माणूस पावणंच असतो. या पावण्यानं आमच्याच शाखेतून पिकअपसाठी कर्ज घेतलं आणि पाच वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही. हप्ता थकवणाऱ्यांना आमचे साहेब त्याचं उदाहरण देतात.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझी स्कूटर पंक्चर झाली. पावणं कास्टिंग भरून गोकुळ शिरगावला निघालं होतं. "बसा सायेब, सोडतो." मी डबा आणि छत्री मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसलो. अर्ध्या मैलावर त्याच्या मेव्हण्याची गाडी रस्त्याकडेला बंद पडलेली. तीही भरलेली. पावण्यानं काही न बोलता जाड दोर काढला आणि टोचन लावलं. मी म्हटलं, "अहो, तुमच्याच गाडीत दुप्पट माल आहे. वर ही भरलेली गाडी?"

उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आणि खोटं नव्हतं हो. पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरली, दोर ताणला, आणि दोन्ही गाड्या चढाला लागल्या. मला तर त्या इंजिनाचा अभिमान वाटला, जणू मीच ओढत होतो. चढ संपला आणि रस्ता उताराला लागला तेव्हा पावण्याचा चेहरा बदलला. तो आरशात बघू लागला. "टोचनात मागचा गडी शाना लागतोय सायेब," तो म्हणाला. "म्होरचा वडतोय, पर ब्रेक मागच्यानंबी मारायचा असतोय. न्हाईतर त्यो आपल्याच बोकांडी येतोय." मेव्हण्याच्या गाडीचं इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदत बंद. पेडलवर उभं राहिलं तरी ते दगडासारखं. दोर सैल पडला, मागची गाडी जवळ जवळ येऊ लागली, आणि त्याच वेळी समोर कुठल्या तरी कारखान्याची शिफ्ट सुटली. सायकली, डबे, ओढण्या, सगळा रस्ता भरला. पावण्यानं ब्रेक दाबला. तीन टनांची गाडी दीड टनांच्या ब्रेकनं थांबायला किती वेळ घेते, ते मी मोजलं नाही. मी छत्रीची मूठ धरून बसलो होतो.

थांबली. एका सायकलवाल्या पोराच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर. पोरानं वळून पाहिलंसुद्धा नाही. मागून मेव्हण्याची गाडी आमच्या फळक्याला टेकल्याचा आवाज आला, तोही अगदी हळू. पावण्यानं कपाळ पुसलं. "थांबतंय की" असं मात्र तो म्हणाला नाही.

पुढं गोकुळ शिरगाव येईपर्यंत कुणी बोललं नाही. उतरताना मी वडीलकीच्या सुरात म्हटलं, "एवढं भरता कशाला, पावणं?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, तेच वाईट. म्हणाला, "सायेब, कागदावर तीन टन तुमीच लिवलं हुतं न्हवं?"

खरं होतं ते. कर्जाच्या प्रकरणाला उत्पन्नाचा तक्ता लागतो. दीड टन, रोज तीन फेऱ्या, टनाला अमुक भाडं, अशी बेरीज केली तर हप्ता बसत नव्हता. मग मी पेन्सिलीनं दीडचे तीन केले आणि तक्ता जुळला. बी.कॉम.ला आम्हाला बेरीज जुळवायला शिकवलं; ती कुणाच्या पाट्यांवर जुळते हा विषय ऐच्छिकमध्येसुद्धा नव्हता. त्या संध्याकाळी माझं अक्षर गाडीला लोंबकळत होतं म्हणा ना.

घरी येऊन मोटार वाहन कायदा काढला. (जेवण झाल्यावर लोक पान खातात, मी कायदा वाचतो. सौ.चं मत वेगळं आहे.) 1988 च्या या कायद्याचं कलम 194 जादा वजनाबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीनं त्याचा दंड 2 हजारांवरून 20 हजार झाला, आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. पण मला झोप लागू दिली नाही ती दंडानं नव्हे. शिक्षा कुणाला, तर गाडी चालवणाऱ्याला, 'चालवायला लावणाऱ्याला' आणि 'चालवू देणाऱ्याला'. मी आयुष्यात चार चाकी चालवलेली नाही. पण लावणारे आणि देणारे यांच्या रांगेत माझ्यापुढं फार माणसं असतील असं मला वाटेना. दोन फेऱ्यांचं भाडं न देणारा आहे, एका फेरीत पोचतं म्हणणारा आहे, स्वस्तात सुटा भाग मागणारा आहे. पण पेन्सिल माझी होती.

मी सरकारकडं बोट दाखवून पाहिलं. 2018 साली मालट्रकांच्या वजनाची मर्यादाच वाढवली. दोन आसांचा ट्रक 16.2 टनांवरून एकदम 18.5 टनांवर गेला. म्हणजे आदल्या दिवशीचा गुन्हा दुसऱ्या दिवशी नियमात बसला. रस्ता तोच, ट्रकही तोच. पण पिकअपला त्याचा उपयोग नव्हता, आणि मलाही झाला नाही.

त्याच शोधात 1965 चे ओझ्याच्या जनावरांचे नियम सापडले. बैलाला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. मी ते सौ.ला वाचून दाखवलं. ती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "गॅस किती अंशांवर असतो, ते पण बघा."

गेल्या महिन्यात पावणं पुन्हा शाखेत आलं. जुनं कर्ज फिटलं, पण गाडीचीही हाडं फिटली होती. नव्या गाडीला 8 लाख हवे होते. साहेब खूश, असा खातेदार कुठं मिळतो? मी तक्ता पुढं घेतला आणि या वेळी पेनानं लिहिलं : दीड टन. दहा टक्के व्याजानं पाच वर्षांचा हप्ता सतरा हजारांच्या घरात जातो. बसेना. सात वर्षं केली. हप्ता तेरा हजार तीनशेवर आला, पण एकूण व्याज जवळजवळ लाखानं वाढलं. पावण्यानं बोटं मोजली. "म्हंजे आता तिसरीत हाय ती पोरगी धावीला जाईस्तवर."

"पण वजन दीडच," मी म्हटलं.

"मग फेऱ्या?"

मी हिशेब केला. पाच फेऱ्या. भरणं-उतरणं धरून एका फेरीला दोन तास. दहा तास. मी त्याला बैलाचा नियम सांगितला. नऊ तास, दुपारी सुट्टी, सगळं. त्यानं अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग खुर्ची पुढं ओढून विचारलं,

"बैल व्हायला कागदं काय काय लागत्यात, सायेब?"

फेऱ्यांचा रकाना मी पेन्सिलीनं भरून ठेवला आहे. साहेब सोमवारी सही करतील.